कॉफीचा चोथा आणि आमची तुळस

आमच्या घरी एक तुळस होती. आमच्या आईने ती गावाहून आणली होती. एस्टीत सारी वाट तिने तो डबा मांडीवर धरून ठेवला. मुंबईला, माटुंग्याच्या आमच्या दोन खोल्यांना अंगण कुठले? गॅलरीतल्या एका जुन्या रंगाच्या डब्यात आम्ही ती लावली. वर्षभरात ती चांगली डवरली.

आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहते. त्या घरच्या बाईंना सगळा मजला 'मामी' म्हणतो. त्यांच्याकडे रोज फिल्टरची कॉफी होते. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्या डब्याच्या तळाला बारीक भोके असतात. त्यात कॉफीची पूड घालतात आणि वरून उकळते पाणी ओततात. अर्क थेंबथेंब खाली उतरतो. वर राहतो तो चोथा.

हा चोथा झाडांना चांगला, असे आम्ही कुठेतरी ऐकले. झाले! आम्ही मामींकडून रोज वाटीभर चोथा आणू लागलो आणि तसाच तुळशीच्या बुंध्याशी पसरू लागलो. फुकटचे खत मिळते आहे, मग कमी का घाला?

ते दिवस उन्हाळ्याचे होते. महिन्याभरात तुळशीची पाने पिवळी पडली, मग गळू लागली. आम्ही पाणी वाढवले. तांब्याभर पाणी घातले की डब्याच्या बुडातून ते बाहेर येई. आम्हांला वाटे, झाड पोटभर पाणी प्याले.

एके दिवशी मामी गॅलरीत आल्या. त्यांनी एक काडी घेतली आणि डब्यात खुपसली. काडी आत जाईना. चोथा वाळून त्याची भाकरीसारखी कडक पापडी झाली होती. त्यांनी ती उचलली. खालची माती कोरडी ठणठणीत! पाणी पापडीवरून घसरत होते आणि डब्याच्या कडेने खाली पळत होते. मुळांना थेंबही मिळत नव्हता.

मामी म्हणाल्या, "अहो, कच्चाच घातलात होय? तांदूळ न शिजवता कुणी पानात वाढतं का? झाडाचं जेवणही आधी शिजवावं लागतं."

तुळस काही वाचली नाही. आई बोलली नाही. तिने फक्त वाळलेल्या मंजिऱ्या खुडल्या आणि पुडीत बांधून ठेवल्या.

झाडाचे जेवण शिजते म्हणजे काय? ते कुजते. कुजणे हेच त्याचे शिजणे.

झाडाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. नत्राने पाने वाढतात. स्फुरदाने मुळे आणि फुले धरतात. पालाशाने झाड काटक होते. वाळलेल्या कॉफीच्या चोथ्यात शंभर भागांत सुमारे २ भाग नत्र असते. स्फुरद आणि पालाश त्याहून कमी. म्हणजे चोथ्यात सत्त्व आहे, पण ते कुलुपात आहे. मातीतले बारीक जीव, डोळ्यांना न दिसणारे, ते कुलूप उघडतात. चोथा कुजवायला त्यांनाही नत्र लागते. मजूर जशी कामाआधी उचल घेतात, तसे ते मातीतलेच नत्र आधी उचलतात. कुंडीत माती ती केवढी! म्हणून कच्चा चोथा घातला की झाड काही दिवस उपाशी राहते.

आणखी एक गोष्ट. कॉफीतले कॅफीन थोडे चोथ्यात उरते. कोवळ्या रोपांची वाढ त्याने खुंटते. म्हणून नुकत्या पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीत चोथा मुळीच घालू नये. काही लोक म्हणतात, चोथा आंबट असतो, माती आंबट करायला तो घालावा. तेही बरोबर नाही. आंबटपणा बहुतेक कपात उतरतो, चोथ्यात फारसा राहत नाही.

मग मामी काय करतात? त्यांच्याकडे बुडाला भोके पाडलेली एक जुनी बादली आहे. तळाला त्या सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्या घालतात. त्यावर भाजीची देठे, साली, थोडा चोथा आणि मूठभर माती. पुन्हा सुका पाला. असे थर चढत जातात. चोथा एकूण मालाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त होऊ देत नाहीत. आठवड्यातून एकदा काठीने सगळे वरखाली करतात, म्हणजे आत हवा खेळते. ओल किती असावी? पिळून काढलेल्या फडक्याइतकी. पाणी जास्त झाले तर घाण वास सुटतो आणि चिलटे होतात. मग वर आणखी सुका पाला घालायचा.

दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. ते काळे, भुसभुशीत दिसते. त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. घातलेली वस्तू ओळखू येत नाही. तेव्हा कुंडीची वरची माती हलकेच उकरून मूठभर खत मिसळावे. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा पुरे.

तुमच्या घरी कॉफी नसेल, चहा असेल. चहाचा चोथाही असाच कामी येतो. पण एक भेद आहे, बरं का! फिल्टरच्या चोथ्याला दूध-साखर लागलेली नसते. ती मागून कपात पडते. आपला चहा मात्र दूध-साखरेसकट उकळतो. तो चोथा दोनदा पाण्याने धुऊन घ्यावा. नाहीतर साखरेला मुंग्या लागतात आणि दूध नासून वास मारते. धुतल्यावर तोही बादलीतच टाकावा, कुंडीत नव्हे.

पाऊस सुरू झाला तसे आईने ती मंजिऱ्यांची पुडी सोडली. साध्या मातीत बी पेरले. रोपे वीतभर होईपर्यंत आम्ही खताला हात लावला नाही. आता एक रोप त्याच रंगाच्या डब्यात आहे. दुसरे आईने मामींना दिले. मामींच्या घरून वाटीभर चोथा अजून येतो, पण तो आमच्या नव्या बादलीत जातो. आणि पाणी घालण्याआधी आम्ही आता बोट मातीत खुपसून पाहतो. बुडातून पाणी आले म्हणजे झाड प्याले, असे आता आम्ही समजत नाही.