सोन्याच्या गावची खानावळ

शहराचा इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि मोठमोठ्या इमारती आठवतात. पण गावाची खरी हकीकत पुष्कळदा त्याच्या चुलीपाशीच कळते. आज आपण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को या शहराच्या चुलीकडे जरा डोकावून पाहू.

24 जानेवारी 1848 रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे, लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात, जेम्स मार्शल या सुताराला सोन्याचे कण सापडले. सॅन फ्रान्सिस्को तेव्हा हजारएक वस्तीचे बंदर होते. दोनच वर्षांत ही वस्ती पंचवीस हजारांच्या घरात गेली. आलेली मंडळी बहुतेक तरुण आणि एकटी. बायकामुले दूर देशी राहिलेली. घर नाही, चूल नाही, रांधणारे कोणी नाही. मग पोट कसे भरायचे? पैसे मोजून! म्हणून गावात भराभर खानावळी झाल्या. फ्रेंच, इटालियन, चिनी, ज्याने त्याने आपापल्या देशाची चव मांडली.

माणसे वाढली, पण कोंबड्या थोड्याच होत्या. एका अंड्याला एक डॉलर पडू लागला. तेव्हा लोक होड्या घेऊन सुमारे तीस मैलांवरच्या फॅरलॉन बेटांवर जात आणि समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करून आणत. या अंड्यांच्या हक्कावरून 1863 साली तेथे बंदुका चालल्या आणि माणसे मेली. पक्ष्यांचे थवे तर इतके घटले की त्यांची मूळ संख्या शतक उलटले तरी भरून आली नाही. भुकेचा हिशेब असा मुक्या जिवांनाही चुकवावा लागतो.

आता चिनी लोकांची गोष्ट ऐका. 1849 पासूनच त्यांच्या खानावळी चालू होत्या. स्वस्त आणि पोटभर जेवण, म्हणून गोरे खाणकामगारही तेथे आनंदाने जेवत. पण जेवण गोड लागले तरी वाढणारा नकोसा झाला. 1882 साली कायदा करून चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी घालण्यात आली. व्यापाऱ्यांना मात्र सवलत राहिली. 1915 साली न्यायालयाच्या एका निर्णयामुळे खानावळीचा मालकही व्यापाऱ्यांत मोडू लागला. मग काय! नातेवाईक आणि गाववाले पैसे एकत्र करीत, मोठे उपाहारगृह काढीत आणि आळीपाळीने एकेकजण त्याचा कारभारी होई. त्या जोरावर तो मायदेशी जाऊन परत येऊ शके, आप्तांना आणू शके. अमेरिकेत गावोगावी चिनी उपाहारगृहे दिसतात, त्यामागे ही धडपड आहे. बंदीचा कायदा 1943 साली रद्द झाला. तरीही वर्षाला जेमतेम 105 चिनी लोकांनाच प्रवेश होता. ती अट जाण्यास 1965 चा नवा कायदा यावा लागला.

मध्यंतरी 18 एप्रिल 1906 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. पाण्याचे नळ फुटले आणि आग तीन दिवस शहर जाळीत राहिली. पुन्हा आग लागू नये म्हणून, धुराडी तपासून होईपर्यंत घरात चूल पेटविण्यास मनाई होती. लोकांनी रस्त्यावर फळ्यांचे आडोसे करून चुली मांडल्या. पावाच्या रांगेत श्रीमंत आणि गरीब मागेपुढे उभे राहिले. या संधीचा फायदा घेऊन चिनी वस्ती शहराच्या कडेला हलवावी, असा घाट काहींनी घातला होता. चिनी व्यापारी हटले नाहीत. जुन्याच जागी त्यांनी वस्ती पुन्हा उभी केली.

येथील आंबट पावही प्रसिद्ध आहे. बूदँ या फ्रेंच कुटुंबाने 1849 साली भट्टी घातली. आपल्याकडे जसे कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतात, तसे तेथे कालचे आंबलेले पीठ आजच्या कणकेत मिसळतात. भूकंपाच्या वेळी घरच्या बाईने हे आंबवण बादलीत घालून वाचविले, असे सांगतात. 1971 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी त्यातील सूक्ष्मजीव तपासले. आंबटपणा देणारा जंतू पिठातील एक विशिष्ट साखर खातो. पाव फुगविणारे किण्व त्या साखरेला शिवतही नाही. एकाच ताटात दोघे जेवतात, पण एकमेकांच्या घासाला हात लावीत नाहीत! त्या जंतूला शहराचेच नाव मिळाले.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या बाजारच्या गावी पहिले हॉटेल कोणी काढले, तो कोठून आला आणि का आला, हे मुलांना विचारून आणायला सांगा. गावाच्या इतिहासाचे एक पान त्यांच्या हाती सहज लागेल.