महाताऱ्यांचें सूतिकागृह

मृगाच्या पोटांत रुतलेल्या बाणाजवळचा अंधुक तेजोमेघ आम्हीं थंडीच्या कित्येक रात्रीं पाहिला आहे. सुमारें १,३५० प्रकाशवर्षें दूर असलेलें हें महाताऱ्यांचें सूतिकागृह. परंतु प्रसूति होते ती दाट धुळीच्या पडद्याआड! १९६७ सालीं बेकलिन व नॉयगेबाउअर यांनीं अवरक्त किरणांच्या साह्यानें त्या पडद्यामागील एक तारा हुडकला. खरें कोडें पुढेंच आहे. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्याचा प्रखर प्रकाश भोंवतालचा वायु बाहेर लोटूं पाहतो. मग तो तारा वाढतो कसा? चिलींतील ‘आल्मा’ दुर्बिणीच्या ६६ थाळ्या धूळ भेदून येणाऱ्या मिलिमीटर-लहरी टिपतात. त्यांवरून २०१८ सालीं तेथील एका बालताऱ्याभोंवतीं फिरणाऱ्या वायूच्या चकतीचा वेग मोजला गेला व ताऱ्याचें वजन सूर्याच्या सुमारें पंधरापट ठरलें. हा तराजू आम्हांस फार आवडला. चकतीच्या वाटेनें वायु आंत येतो आणि प्रकाश तिच्या वरखालून निसटतो, असें ज्योतिर्विद मानतात.