चालतां येईल अशी वस्ती

बुलढाणें हें घाटमाथ्यावरचें गांव. वैशाखांत मलकापूर-खामगांवकडे उन्हाच्या झळा लागत असतां राजूर घाट चढून वर आलें कीं हवेंतील फरक तत्काळ जाणवतो. अशी हवा लाभलेल्या गांवांत पायीं हिंडणारीं माणसें मात्र दिवसेंदिवस कमी दिसूं लागलीं आहेत.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. जुनें घर गांवांत होतें. खोल्या अंधाऱ्या, गटार दाराशीं, पावसाळ्यांत डांसांचा उपद्रव. त्या घराची तरफदारी करण्याचें मला कारण नाहीं. पण देऊळ, वाण्याचें दुकान, पिठाची गिरणी, डॉक्टर आणि मुलांची शाळा हीं सर्व पांच-सात मिनिटांच्या अंतरावर होतीं. आई सत्तरी उलटल्यावरही रोज सकाळीं देवदर्शन करून, भाजी घेऊन, वाटेंत चार घरीं डोकावून परत येई. नव्या ले-आउटांतील घरांत उजेड आहे, वारा आहे, मोटार ठेवण्यास जागा आहे. आई मात्र फाटकाबाहेर एकटी पडत नाहीं. रस्त्यास सावली नाहीं, कडेनें चालण्यास जागा नाहीं, आणि कोथिंबिरीच्या जुडीसाठीं नातवाच्या मोटारसायकलवर बसावें लागतें. "मी आतां सामान झालें, कोणी नेलें तर जातें," असें ती एकदां सुनेपाशीं म्हणाली.

दोष घराचा नव्हे, वस्तीच्या मांडणीचा आहे. एका शेताचे चौकोनी प्लॉट पाडून ते हमरस्त्याला जोडले कीं ले-आउट तयार होतें. शेजारचें शेत दुसऱ्या मालकाचें, म्हणून मध्यें कुंपण. शेजारी हांकेच्या अंतरावर, पण त्याच्याकडे जाण्यास सगळा वळसा!

पॅट्रिक गेडीस हा स्कॉच पंडित १९१४ सालीं हिंदुस्थानांत आला व पुढें १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. नागपूरसह अनेक शहरांविषयीं त्यानें अहवाल लिहिले. नकाशा काढण्यापूर्वीं तो गल्ल्याबोळांतून पायीं हिंडे. सरळ रस्त्याच्या हौसेनें घरें पाडण्याऐवजीं एखादें पडकें घर तेवढें हलवावें, तेथें लहानसें अंगण करावें, विहीर व जुनें झाड राखावें, असा त्याचा आग्रह असे. होळकरांच्या इंदूरांत त्यानें १९१७ च्या सुमारास दिवाळीस मोठी मिरवणूक काढली. जी आळी आपलीं घरें झाडून दुरुस्त करील तिच्यांतूनच ती जाईल, असें आधीं जाहीर केलें. मिरवणुकींत तुळशीचीं रोपें वांटलीं. वृंदावनाची निगा अंगणाबाहेरही न्यावी, हें आपल्याला एका परक्यानें सांगावें, याची मला थोडी लाजच वाटते. अमेरिकेंत क्लॅरेन्स पेरी यानें १९२९ सालीं मांडलेली कल्पनाही अशीच: शाळा मध्यभागीं, दुकानें कडेच्या चौकांत, आणि हमरस्ता न ओलांडतां मूल शाळेंत पोंचावें.

आपल्याकडे कायदा अनुकूल आहे. ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारें एक एकर, किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आउटांत शेंकडा १० भाग मोकळा सोडावा लागतो. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगैरे कांहीं भाग वगळून राज्यभर लागू झालेल्या नियमावलींतही तें कलम आहे. नकाशावर ती बाग असते. आमच्या येथें तिच्यांत वेड्या बाभळी, उरलेल्या विटा आणि लग्नसराईंत मांडव असतो. गांवास पाणी पैनगंगेवरील येळगांवच्या धरणाचें; तें बागेस मागणें योग्य नव्हे. परंतु न्हाणीघराचें पाणी वाळूच्या खड्ड्यांतून गाळून दोन-तीन उन्हाळे दिलें तर कडुनिंब, करंज, चिंच हीं झाडें पुढें आपल्या जिवावर वाढतात. सावलींत पाठ टेकतां येईल असा एक बांक मात्र हवाच. म्हाताऱ्या माणसाची फेरी बांकांवरून मोजली जाते.

प्लॉट घेऊं इच्छिणाऱ्यांनीं मे महिन्यांत दुपारीं चार वाजतां घरांतील सर्वांत वडील माणसास घेऊन तेथून शाळेपर्यंत व दुकानापर्यंत चालून पाहावें. दलालाच्या तोंडून जें कळत नाहीं तें त्या अर्ध्या तासांत कळतें. आम्हीं ही परीक्षा केली नाहीं.

आमच्या कुंपणापासून पलीकडच्या ले-आउटांतील किराणा दुकान ऐंशी पावलांवर आहे; हमरस्त्यानें गेल्यास सातशें पावलें होतात. कुंपणांत चार फुटांची वाट सोडण्यास आमच्याकडचीं सहा घरें कबूल झालीं आहेत. पलीकडच्यांना चोरांची भीति वाटते, व ती अगदींच खोटी म्हणतां येणार नाहीं. संक्रांतीनंतर दोन्हीकडच्या मंडळींची बैठक आमच्या ओसरीवर ठरली आहे. आईनें तिळगूळ तिच्यासाठीं निराळा काढून ठेवावयास सांगितला आहे.