मांजराचा ट्रे, पिल्लाचे नाक

मांजराच्या आहारात प्रथिने भरपूर असतात, म्हणून त्याची विष्ठा कुत्र्याच्या पिल्लाला खाऊसारखीच वाटते. घोडकाठच्या शिरूरला काय किंवा भीमाकाठच्या दौंडला काय, मोकळ्यावर वावरणारे मांजर बांधकामासाठी ओतलेल्या वाळूत नाहीतर राखेच्या ढिगात उकरते. मागोमाग पिल्लू तिथेच नाक खुपसते. फ्लॅटमधल्या ट्रेमध्ये बहुधा बेंटोनाइट माती असते. ओल लागताच ती फुगून तिचा गोळा होतो. पोटात जास्त गेली तर आतडे तुंबू शकते. विष्ठेतून जंतांची अंडी पोटात जातात ती वेगळीच. ओरडून उपयोग नाही, पिल्लू उलट घाईने गिळते.

खरा उपाय उंचीचा. तरणे मांजर ३-४ फूट सहज उडी मारते, तेव्हा ट्रे ओट्यासारख्या रुंद जागी ठेवावा. म्हाताऱ्या मांजराला मात्र ही चढण झेपत नाही. त्याच्यासाठी ट्रे खोलीत खालीच ठेवून दाराला साखळी लावून चार-पाच इंचांची फट ठेवावी. मांजर अंग चोरून आत शिरते, वाढते पिल्लू बाहेर राहते. अगदी लहान पिल्लू त्याच फटीतून जाते, तोवर दिवसातून दोनदा ट्रे साफ करणे भाग आहे.