मय्यत न दाखवता मौत दाखवणाऱ्या जरीना

मौत हा चित्राचा विषय आहे असं म्हटलं की कवटी, विझत चाललेली मेणबत्ती किंवा पांढऱ्या चादरीखालचा देह असंच काहीतरी डोळ्यांपुढे येतं. जरीना हाश्मी यांच्या प्रदर्शनात यातलं काहीच नव्हतं. ‘पेपर लाइक स्किन’, म्हणजे ‘त्वचेसारखा कागद’, हे त्याचं नाव. 2012 मध्ये ते लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियममध्ये सुरू झालं, 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये आणि मग शिकागोला गेलं. सुमारे 60 कामं, जवळपास 50 वर्षांच्या मेहनतीतली. काळ्या रेघा, घरांचे नकाशे, टाचणीने टोचलेले कागद आणि उर्दू अक्षरं. तरीही माणसाचं जाणं आणि त्याच्या मागे उरणारं काहीतरी, हाच त्या सगळ्याचा गाभा.

2023 च्या 16 जुलैला गुगलने त्यांच्या जन्मदिनाचं डूडल लावलं, तेव्हा आपल्याकडच्या पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. जन्म 1937, अलीगढ. वडील मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. जरीनांनी तिथूनच गणिताची पदवी घेतली. लग्न परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याशी झालं, त्यामुळे बँकॉक, पॅरिस, टोकियो अशी फिरती झाली. याच फिरतीत त्या छापकाम शिकल्या. पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या. आई-वडील मात्र 1959 मध्ये कराचीला गेले होते. अलीगढचं घर राहिलं ते आठवणीत.

आपल्या घरांत तसवीर लावावी की नाही यावर अजून दोन मतं असतात. म्हणून जरीनांनी धर्मामुळेच चेहरे टाळले असं कुणी पटकन म्हणेल. आम्हाला ते घाईचं वाटतं. त्या गणिताच्या विद्यार्थिनी होत्या, रेघेवर त्यांचा भरवसा होता. ‘होम्स आय मेड’ या 1997 च्या मालिकेत त्यांनी जिथे जिथे संसार मांडला त्या नऊ घरांचे नकाशेच कोरले. नऊ नकाशे, एक हयात.

आता कागदाविषयी. ब्रश आणि तैलरंग त्यांनी जवळ केले नाहीत. कागद त्यांना माणसाच्या कातडीसारखा वाटे. तो टोचता येतो, ओरखडतो, डाग धरतो, म्हातारा होतो. 1970 च्या दशकात त्यांनी कोऱ्या कागदांना नुसत्या टाचण्यांनी भोकं पाडून चित्रं केली. शाई नाही, रंग नाही, फक्त जखमांच्या रांगा. मोबाईलवर ती धड दिसतही नाहीत, मोठ्या पडद्यावर बघा.

‘डिव्हायडिंग लाइन’ हे 2001 चं लाकडी ठशाचं चित्र समजायला ठशाची रीत माहीत हवी. लाकडाचा जो भाग उंच राहतो तेवढाच शाई घेतो, बाकीचा छिन्नीने काढून टाकावा लागतो. भारत-पाकिस्तानची सरहद्द काळ्या रेघेत छापायची, तर तिच्या दोन्ही बाजूंची जमीन खरवडून टाकावी लागते. फाळणीबद्दल इतक्या कमी खर्चात इतकं बोललेलं दुसरं चित्र आम्हाला माहीत नाही.

‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (1999) ही 36 छापचित्रांची मालिका. प्रत्येक चित्राला एक उर्दू शब्द: घर, सरहद, जबान वगैरे. शब्दांची यादी त्यांनी पाकिस्तानातल्या एका खुशनवीसाकडे पाठवली आणि नस्तालीकमध्ये लिहून घेतली. आधी शब्द, मग चित्र, असा क्रम. ठशावर अक्षर उलटं कोरावं लागतं, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचली जाणारी उर्दू लाकडावर डावीकडून उजवीकडे येते. उर्दू शिकवणाऱ्या कुणालाही त्यातला त्रास लगेच कळेल!

पण आमच्या मते सगळ्यात जड काम आहे ‘लेटर्स फ्रॉम होम’, 2004 चं. त्यांची बहीण रानी पाकिस्तानात होती. आई-वडील गेले, राहतं घर विकलं, तेव्हा तेव्हा तिने जरीनांना उर्दूत खतं लिहिली, पण टपालात टाकली नाहीत. पुष्कळ दिवसांनी ती त्यांच्या हाती आली. जरीनांनी बहिणीचं हस्ताक्षर जसंच्या तसं धातूच्या ठशावर उतरवलं आणि त्यावर घरांच्या, गावांच्या काळ्या रेघा छापल्या. काही ओळी रेघांखाली गेल्या, काही वाचता येतात. लंडनच्या टेट मॉडर्नकडे याची प्रत आहे.

बहुतेक प्रेक्षकांना ती अक्षरं म्हणजे सुंदर नक्षी वाटते. ज्याला उर्दू येते त्याला मात्र भिंतीसमोर उभं राहून एका घराच्या मौतीची बातमी कळते. रूह कुठे जाते हे अल्लाहच जाणे, पण या कागदांत रानीचा हात अजून लिहितो आहे. कुठे अक्षर घाईचं, कुठे थांबलेलं.

इथे गोष्ट आपल्या घरात येते. ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या फळीवर, दादा-नानांची उर्दू खतं कित्येक घरांत असतील: निकाहची, आजारपणाची, कुणाच्या इंतकालची. आपली मुलं मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यात गैर काही नाही. पण त्यांनाही ती खतं नक्षीच दिसणार. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकात आणि आपल्या नातवात तेवढ्यापुरता फरक उरत नाही. घरात उर्दू वाचणारं एक जरी माणूस हयात असेल, तर या सुट्टीत त्याच्यासमोर ती ट्रंक उघडा, खतं मोठ्याने वाचून घ्या, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. वाचताना कुणाचा कंठ दाटला तर मुलांना उठवून बाहेर पाठवू नका.

‘ब्लाइंडिंग लाइट’ (2010) या कामात तर अक्षरही नाही, रेघही नाही. जपानी कागदावर 22 कॅरेट सोन्याचा वर्ख, बस्स. ते पाहताना आम्हाला तूर पहाडावरचे मूसा अलैहिस्सलाम आठवले, ज्यांना तो जल्वा सोसला नाही. 25 एप्रिल 2020 ला, टाळेबंदीच्या दिवसांत, लंडनमध्ये जरीनांचा इंतकाल झाला. अलीगढ आणि कराची, दोन्हींपासून दूर.