दात, हिरड्या आणि आहार

गोड खाल्ल्याने दात किडतात, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले, याला अधिक महत्त्व आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही.

दातांवर साचणाऱ्या चिकट थरात असंख्य जीवाणू असतात. साखर मिळताच ते तिच्यापासून आम्ल तयार करतात. या थराचे पीएच मूल्य सुमारे 5.5 च्या खाली उतरले, की दातावरील कठीण आवरणातील, म्हणजे दंतवल्कातील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. पुढे लाळ हे आम्ल सौम्य करते आणि गेलेल्या खनिजांचा काही अंश दाताला परत मिळतो. या भरपाईस वेळ लागतो. तासातासाला साखरेचा चहा किंवा गोळी तोंडात पडत असेल, तर लाळेला ती सवड मिळत नाही. साखरेऐवजी गूळ वापरूनही सुटका नाही. जीवाणूंना दोन्ही सारखेच.

याचा सबळ पुरावा स्वीडनमधील लुंड येथील विपेहोम रुग्णालयात मिळाला. तेथे 1945 ते 1953 या काळात बौद्धिक दृष्ट्या दुर्बल रुग्णांच्या आहारावर प्रयोग करण्यात आले. ज्यांना जेवणाबरोबरच भरपूर साखर दिली, त्यांच्या दातांची कीड थोडीच वाढली. ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये दातांना चिकटणारी टॉफी दिली, त्यांची मात्र झपाट्याने वाढली. निष्कर्ष 1954 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते आजही आधारभूत मानले जातात. पण ज्यांचे दात त्यासाठी कायमचे नासले, त्या रुग्णांना संमती देणे शक्यच नव्हते.

हिरड्यांचे गणित निराळे आहे. क जीवनसत्त्व न मिळाल्यास हिरड्यांना बळकटी देणारे कोलॅजन नीट तयार होत नाही. त्या सुजतात, त्यांतून रक्त येते. दीर्घ प्रवासातील खलाशांना हा स्कर्व्ही रोग होई. जेम्स लिंड या शल्यवैद्याने 1747 मध्ये बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री व लिंबू मिळालेले दोघे सर्वांत लवकर सुधारले. आपल्याकडे आवळा आणि पेरू यांत हे जीवनसत्त्व विपुल असते. मात्र हिरड्यांच्या नेहमीच्या सुजेचे कारण बहुधा जीवनसत्त्वाचा अभाव नसून दातांलगत साचलेला तोच चिकट थर असतो, आणि तो आवळा खाऊन निघत नाही.