विलगीकरणाची टाकी : मासा आजाराने मरतो की पाण्याने?



आमच्या गगनबावड्यातल्या शाळेच्या विज्ञान कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. समुद्र आमच्यापासून घाट उतरून गेलं की फार लांब नाही, पण आमच्या कितीतरी मुलांनी तो सहलीतच पहिल्यांदा बघितलेला असतो. म्हणून हा खटाटोप. त्या टाकीत एक क्लाउनफिश दीड वर्ष मजेत होता. मुलांनी त्याचं नाव 'पाटील' ठेवलं होतं, का ते विचारू नका. त्याला सोबत म्हणून आम्ही आणखी दोन मासे आणले आणि थेट टाकीत सोडले. आठवड्यात अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके, आणि दहाव्या दिवशी तिन्ही गेले. पाटीलसुद्धा.

ही चूक माझी. नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवायचा असतो. २०२० साली गावोगावच्या शाळांमध्ये विलगीकरण कक्ष होते, त्यामुळे 'वेगळं का ठेवायचं' हे मुलांना समजवावं लागत नाही. 'किती दिवस' हे मात्र सांगावं लागतं. पांढऱ्या ठिपक्यांचा जीव माशाच्या अंगावरून गळतो, तळाशी कवच करून बसतो आणि मग फुटून शेकडो पिल्लं सोडतो. कवचातला काळ तीन दिवसांचा असू शकतो, चार आठवड्यांचाही. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असं नाही. म्हणून किमान चार ते सहा आठवडे.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. ४० लिटरची रिकामी काचटाकी, पाणी नितळ, मासा एकटा. पाचव्या दिवशी तो पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला आणि संध्याकाळी गेला. अंगावर एकही ठिपका नव्हता. मारलं ते पाण्याने.

इथेच खरा धडा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. मुरलेल्या टाकीत दगड, वाळू आणि फिल्टरवर जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. विलगीकरणाच्या टाकीत मात्र आपण वाळू-दगड मुद्दाम ठेवत नाही, कारण चुनखडीचे दगड औषधातलं तांबं शोषून घेतात. म्हणजे जी टाकी आजारी माशासाठी, तिच्यातच सफाई कामगार नाहीत! नवी वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्यात मासा वाट बघत नाही.

खाऱ्या पाण्यात हे जास्त जिवावर बेततं. अमोनियाची दोन रूपं असतात, एक फारसं न बाधणारं आणि एक जहरी. पीएच चढला की जहरी रूपाचा वाटा वाढतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. पीएच ७ च्या पाण्याच्या तुलनेत तिथे जहरी वाटा दहापटींहून जास्त असतो. गोड्या पाण्यातला मासा जे सोसून नेतो, ते इथला नेत नाही. नायट्राइटचं मात्र उलटं आहे. समुद्राच्या पाण्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून सहज आत जात नाही. तेव्हा काळजी आधी अमोनियाची करा.

उपाय सोपा आहे, पण आधी सुरू करावा लागतो. स्पंजचा साधा फिल्टर महिनाभर निरोगी मोठ्या टाकीत ठेवायचा, म्हणजे जिवाणू त्यावर बसतात. मग तो विलगीकरणाच्या टाकीत न्यायचा. परत मात्र कधीच आणायचा नाही. जाळी, नळी, बादली हेही वेगळं. ते साठ दिवसांनी वापरलं तरी आधी धुऊन कडकडीत वाळवायचं.

रोज अमोनियाची चाचणी करा. थेंब टाकले आणि पिवळा रंग हिरव्याकडे झुकला, तर पाणी बदला. हिशेब मुलांकडून करून घ्या : पाव पाणी बदललं तर १ चा अमोनिया ०.७५ होतो, शून्य नाही. अर्धं बदललं तर ०.५. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं (आणि एक सहकारी सर) 'पाणी बदललं म्हणजे स्वच्छ' असंच धरून होते.

आता क्षार. एका मुलीने विचारलं, "सर, खडेमीठच घातलं तर?" चांगला प्रश्न. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट हेही असतं. मिठागरात मीठ जमतं तेव्हा मॅग्नेशियम बरंचसं मागच्या कडू पाण्यातच राहतं. म्हणून मत्स्यालयाचं तयार क्षारमिश्रणच आणावं लागतं. ४० लिटरला सुमारे १.४ किलो, ते आदल्या दिवशी बादलीत हवा सोडून विरघळवायचं. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते, तेव्हा ते पाणी आधी क्लोरीनमुक्त करून घ्या.

पाण्याची वाफ होते, क्षारांची नाही. दोन लिटर उडाले तर ३५ चे जवळजवळ ३७ होतात. ती भर गोड्याच पाण्याने करायची. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच ओली असते, टाकी फारशी घटत नाही. एप्रिलमध्ये मात्र रोज खूण बघावी लागते.

तांब्याचं औषध चाललं असेल तर दोन गोष्टी. दहा लिटर पाणी बदललं तर औषधही दहा लिटरपुरतंच घाला, आणि तांब्याची चाचणी करूनच. आणि अमोनिया 'बांधून ठेवणारं' द्रव त्याच्यासोबत वापरू नका, त्यातली काही तांब्याला जास्त विषारी रूपात नेतात. तेव्हा पाणी बदलणं हाच मार्ग.

वीज हा आमचा खास प्रश्न. जुलैत ती सहा-सहा तास जाते. २५ अंशाला गोड्या पाण्याच्या लिटरमध्ये ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर प्राणवायू मावतो, खाऱ्यात ७ च्या आतच. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आता टाकीला टांगलेलाच असतो.

मासा कुठून घ्यावा? समुद्रातून पकडलेल्यापेक्षा पैदास केंद्रातला घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास तंत्रं विकसित केली आहेत, त्यामुळे असे मासे मिळतात. मालवणच्या सहलीतून प्रवाळ किंवा समुद्रघोडा उचलून आणू नका. ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत.

सध्या तिसऱ्या प्रयत्नातला मासा एकोणिसाव्या दिवसावर आहे. चाचणीची वही सातवीकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत कुलपाची किल्ली कोणाकडे ठेवायची, यावर अजून एकमत झालेलं नाही. शिपाईमामा म्हणतात, थेंब मोजायला मला शिकवा, मी येतो. उद्या दुपारी त्यांना शिकवायचं ठरलंय.